रविवारचं पाणी

उपयोजित गणितात एम.एस्सी. व्हायला काय काय लागतं, हे कुणी मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. गणित घेऊन केलेली बी.एस्सी., तीही दुसऱ्या वर्गातली. भरलेल्या टर्मा. नोकरी करत असाल तर मुख्याध्यापकांचं नाहरकत पत्र. प्रत्येक पेपरात वेगळं पास व्हायचं, आणि शिवाय सगळ्यांची बेरीज वर्गाला पुरली पाहिजे. शेवटी तोंडी परीक्षा. यातल्या कशालाच मी भीत नव्हतो. मी पेंढ्याच्या धंद्यात वाढलेला माणूस. अट समोर आली की ती कुठे वाकते हे मी आधी बघतो. मला ज्यानं मारलं ते नियमांत कुठेच छापलेलं नव्हतं.

मी तेव्हा कर्जतच्या एका शाळेत गणित शिकवत होतो. घर दहिवलीच्या पलीकडे, भाताच्या खाचरांना लागून. वडील लवकर गेले. त्यामुळे शाळेत असल्यापासूनच पेंढा विकत घेऊन मुंबईच्या तबेल्यांना पाठवायचा धंदा मी अंगावर घेतला होता. कुंभिवलीला रस्त्याच्या कडेला उभं राहून ट्रकवाल्याशी भांडायचं, पेंढा ओला आला म्हणून तबेलेवाल्यानं कुरकुर केली की त्याच्याशी भांडायचं, आणि मग कॉलेजात जाऊन तासाला बसायचं. बी.एस्सी. अशी झाली. कुणी बोट धरून नेलं नाही.

पुढे आमच्या भागात नवं कॉलेज निघणार अशी बोलवा उठली. ते काढणाऱ्या मंडळींपैकी एकाला मी गाठलं. त्यांनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाले, "गणिताची जागा आहे. एम.एस्सी. दुसऱ्या वर्गात होऊन या, तुमच्यापुढे दुसऱ्याचं नाव येणार नाही. नुसते पास झालात तर मात्र माझ्याकडे येऊ नका." त्या एका वाक्यावर मी मुख्याध्यापकांशी घासाघीस करून दुपारचे वर्ग मागून घेतले, सकाळी विद्यापीठात जाऊन बसू लागलो आणि टर्मा भरल्या. दुसरा वर्ग. त्याच्या खालचं काहीही मला मातीमोल होतं.

पेपरांपैकी एक मला डोईजड होता, स्थितिस्थापकतेचा. लोखंडाची कांब वाकवली की ती आतून कशी ताणली जाते, याची पानंच्या पानं. रात्री डोळे मिटले की ती कांब माझ्या पोटात वाकायची. पण नियमांत एक फट होती. उपयोजित गणिताच्या विद्यार्थ्याला त्या पेपराऐवजी लघुप्रबंध देता येत असे. अट एवढीच, की प्रश्न खरा पाहिजे, मोजमापं स्वतः घेतलेली पाहिजेत आणि मार्गदर्शकाची सही पाहिजे. मी लगेच सौदा केला. पेपर टाकला, प्रबंध उचलला. खरा प्रश्न तर माझ्या दारातून वाहत होता.

डोंगराखालच्या वीजघरातून सुटलेलं पाणी कालव्यानं आमच्याकडे येतं. त्यावर उन्हाळी भात होतं. मुंबईत गिरण्या चालू असल्या की वीज जास्त लागते, पाणीही जास्त सुटतं. रविवारी गिरण्या बंद, की इकडे कालवा उतरतो. आमच्या बायका कालव्यावर धुणं घेऊन जाताना एकमेकींना सांगतात, आज मुंबईला सुट्टी हाय, लवकर चला गं. तर मुंबईच्या गिरणीनं हलवलेलं हे पाणी आमच्या खाचरात किती वेळानं आणि किती पोचतं, ते समीकरणानं सांगायचं, हा माझा विषय.

मार्गदर्शक खूश झाले. ते शहरातले, शांत, खडूचे हात सदऱ्याला पुसणारे गृहस्थ. "अहो, बाकीची मुलं पुस्तकातल्या नळीत पाणी वाहवतात," ते म्हणाले. "तुमच्याकडे खरा कालवा आहे. पण दोन ठिकाणी मोजा. कालव्याचं पाणी तुमच्या शेतात वळतं त्या मोरीवर आणि वरच्या बाजूला एका ठिकाणी. त्याशिवाय समीकरणातले आकडे बसायचे नाहीत."

वरच्या बाजूला म्हणजे वरच्या गावाच्या हद्दीत. तिथे परका माणूस काठी घेऊन कालव्यात उतरला तर त्याला कुणी चहा विचारत नाही. खालच्या गावचा तर मुळीच नाही. पण माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली होती, आणि तिचा सासरा गावाच्या पाण्याच्या पाळ्या लावत असे. कुणाच्या शेताची मोरी कधी उघडायची, हे तो सांगणार. मी त्याला मामा म्हणायचो. विद्यापीठाचे तास संपल्यावर एका मोकळ्या सकाळी मी त्यांच्या पडवीत जाऊन बसलो.

"मामा, तुमच्या मोरीवर रोज थोडा वेळ उभं राहायचंय. काठी बुडवून खोली बघायची, लिंबू सोडायचं आणि घड्याळ बघायचं. बाकी काही नाही."

"लिंबू?" मामा हसले. "का रं मास्तर, पान्याला दिष्ट लागली का?"

पडवीत बसलेले दोघे-तिघे खिदळले. मी राग गिळला. "लिंबू पाण्याबरोबर वाहतं. किती वेळात किती लांब गेलं ते बघितलं की पाण्याचा वेग कळतो."

"आनि कळला म्हंजे? कचेरीत जाऊन सांगनार?"

"परीक्षेला देणार. विद्यापीठात."

"परीक्षेला आमचं पानी?" त्यांनी बाकीच्यांकडे बघितलं. "बग रं, आता पानी पन शिकाय लागलं." मग सुपारी कातरत म्हणाले, "उभा ऱ्हा. पन आमाला काय?"

हे मात्र माझ्या ओळखीचं बोलणं होतं. मी सावरून बसलो. त्यांनी आमच्या शेताच्या पाण्याच्या दोन पाळ्या मागितल्या. आमचं पाणी त्या वेळी त्यांच्या शेतात वळवायचं. आमचं भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, पाणी सोडणं म्हणजे तोंडचा घास देणं होतं. मी एकही देणार नाही म्हणालो, उठलो, चपला घातल्या, परत बसलो. एका पाळीवर सौदा ठरला. मी मनात म्हटलं, जिंकलो.

"अजून एक," मामा म्हणाले. "रविवारचं यायचं नाय."

"का?"

"रविवारी मोरीवर आमचं कोन नसतं. तुमी पडला-झडला तर व्याहीनबाई मला धरतील."

हे निमित्त आहे हे मला कळत होतं. कशाचं, ते कळलं नव्हतं. पण मी पेंढेवाला. सातांतल्या सहा पेंढ्या कोरड्या निघाल्या तर आम्ही गाडी डोळे मिटून उचलतो, सातवीसाठी कुणी सौदा मोडत नाही. मी हात पुढे केला. त्यांनी सुपारी दिली. माझ्यासारख्या धंद्यात मुरलेल्या माणसानंच करावी अशी ती चूक होती. गणिताच्या नुसत्या विद्यार्थ्यानं ती केली नसती.

घरी आल्यावर आईनं भांडंच आपटलं.

"भात पोटरीत हाय आनि पानी दिऊन आलास? लिंबं सोडायला?"

"आये, एका पाळीनं काही होत नाही."

"तुला ठावं! खाचरात शेवटचा कवा उतरला व्हतास रं?"

त्या आठवड्यात ती रोज सकाळी बांधावर जाऊन उभी राहायची आणि माझ्याशी बोलायची नाही. उताराकडच्या खाचराला भेगा पडल्या. मी तिकडून जाणं टाळलं. सहा दिवस वरच्या मोरीवर आणि सातही दिवस आमच्या मोरीवर मी पाणी मोजत राहिलो. पुढच्या आठवड्यांतही तसंच. वरच्या गावची पोरं काठावर बसून "लिंबूमास्तर" म्हणून ओरडायची. दोनदा मी काठी घेऊन त्यांच्या मागे धावलो.

वीजघरातून कोणत्या दिवशी किती पाणी सुटलं, ते मार्गदर्शकांनी ओळखीतून मिळवून दिलं. मी समीकरण मांडलं, आकडे घातले, आलेखाच्या कागदावर रेघ काढली. सोमवार ते शनिवार आमच्या मोरीवरचं पाणी बरोबर त्या रेघेवर येऊन बसत होतं. दुसरा वर्ग मला त्या रेघेत दिसत होता. मग मी रविवारचे ठिपके मांडले. ते रेघेच्या पार खाली जाऊन पडले. एक नाही, सगळे.

मार्गदर्शकांनी कागद उजेडाला धरला.

"रविवारी काय होतं?"

"पाणी कमी सुटतं, सर."

"ते धरूनच ही रेघ काढलीय. त्याहूनही कमी का येतं?"

मी म्हणालो, वरच्या मोरीवरची रविवारची मोजणी माझ्याकडे नाही, तेव्हा रविवार सोडून देऊ.

"सहा दिवसांचा आठवडा कुठल्या गणितात असतो हो?" त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त लागलं. "सातत्याचं समीकरण म्हणजे काय, सांगा."

"जेवढं आत आलं तेवढं बाहेर गेलं पाहिजे. नाहीतर मध्ये साठलं पाहिजे."

"मग रविवारचं पाणी कुठे गेलं, ते लिहून आणा."

जिना उतरताना मला मामांची सुपारी आठवली.

तोवर माझ्या मोजणीची बातमी आमच्या गावात फुटली होती. बांधावर, दुकानाशी, जो तो मला अडवायचा. वरचे लोक पाणी तोडतात हा आमच्या गावचा जुना संशय, पण पुरावा कुणाकडे नव्हता. आता विद्यापीठाचा शिक्का मारलेला कागद निघणार होता. "मास्तर, बुक झालं का?" ते विचारायचे. "झालं की आमाला द्या. शिक्का बगून कालव्याच्या सायबाला नाय म्हनता यायचं नाय. एकदा त्यांच्या मोऱ्यांना कुलपं लागू दे." पहिल्यांदा कुणी असं म्हणालं तेव्हा माझी छाती फुगली होती. आता तेच शब्द ऐकले की मी वाट बदलायचो.

आणि मग बहीण आली. सणवार नसताना, एकटी. आई गोठ्यात होती. बहिणीनं चहाचा कप हातातच धरून ठेवला.

"दादा, रविवारचं काय लिवलंस?"

"तुला कुणी पाठवलं?"

"कुनी नाय. मामंजींना ठावं बी नाय मी आलेली." ती खालच्या आवाजात बोलत होती. "रविवारी पानी खाली असतं, मोरीत चढत नाय. म्हनून कालव्यात दगड नि पेंढ्या आडव्या घालतात. एकटे मामंजी नाय, सगळं गाव घालतं."

"आणि आम्ही खाली काय चिखल चाटायचा?"

"तुमाला पन येतं ना थोडं."

"थोडं!" मी एवढ्यानं ओरडलो की गोठ्यातून आईनं विचारलं, काय झालं रं. मी काही नाही म्हणालो. माझे कान तापले होते. माझी एक पाळी घेऊन, वर माझ्याच शेताचं रविवारचं पाणी खाऊन, तो म्हातारा मला सुपारी देत होता. आणि मी समजत होतो की सौदा मी जिंकला.

बहीण रडली नाही. रडली असती तर मी आणखी चिडलो असतो. ती म्हणाली, "मामंजींनी भरवशानं तुला मोरीवर उभा केला. आता तूच लिवलंस तर गाव काय म्हनंल? सुनेच्या भावाला घरात घेतला आनि त्यानं गळा कापला. तू परीक्षा दिऊन मोकळा व्हशील. मला तिथं नांदायचंय."

मी तिला वचन दिलं नाही. मला वचन द्यायला आवडत नाही. पण प्रबंधाचं शेवटचं पान टाइप करायला दिलं तेव्हा त्यात लिहिलं होतं, की रविवारची तूट पाणी जमिनीत मुरल्यामुळे असावी.

मार्गदर्शकांनी ते वाक्य दोनदा वाचलं. "ही तुमची खरी समजूत आहे?"

"हो, सर."

"तोंडीला हेच सांगाल?"

"सांगेन."

त्यांनी सही केली. पेनाचं टोपण लावता लावता म्हणाले, "ही सही काम तुम्ही स्वतः केलंय यासाठी आहे. ते बरोबर आहे यासाठी नाही."

तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. शेजारचा विद्यार्थी व्याख्या पुटपुटत होता. माझ्या डोक्यात एकच गणित चालू होतं, पेपरांत अमुक पडले असतील तर प्रबंधात किती लागतील. कशीही बेरीज केली तरी प्रबंधात भरघोस पडल्याशिवाय दुसरा वर्ग बसत नव्हता.

आत मार्गदर्शक होते आणि बाहेरगावाहून आलेले परीक्षक. परीक्षक सडपातळ, हातात टोकदार पेन्सिल. समीकरण कसं मांडलं, पाण्याचा फुगवटा कालव्यातून पुढे कसा सरकतो, तळाचं घर्षण कसं धरलं, सगळं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं. एकदा तर ते "वा" म्हणाले. मग त्यांनी आलेख उलगडला आणि पेन्सिलीचं टोक रविवारच्या ठिपक्यांवर ठेवलं.

"हे?"

"मुरतं, सर. जमिनीत."

"फक्त रविवारी?"

मी आलेखाची दुमडलेली कडा सरळ केली.

"तुमच्याकडची जमीन भारी धार्मिक दिसते," ते म्हणाले. "सहा दिवस कडकडीत उपास आणि रविवारी पारणं."

मार्गदर्शकांनी मान खाली घातली. ते हसले असावेत. माझं डोकं फिरलं. "जमिनीचं मला शिकवू नका, सर. मी तिथे जन्मलोय."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय." परीक्षकांनी पेन्सिल खाली ठेवली. आता ते हसत नव्हते. "काम चांगलं आहे. तुमच्या आकड्यांनी तुम्हाला काहीतरी दाखवलंय आणि तुम्ही तोंड फिरवताय. तिथे माती नाही, माणसं आहेत. बरोबर? नावं नकोत. पाणी वर अडवलं जातं, एवढं एक वाक्य लिहा, किती अडवलं जातं ते काढा आणि पुढच्या सत्रात हाच प्रबंध परत आणा. मी गुण हात राखून देणार नाही."

ते वाक्य माझ्या जिभेवर होतं. आमच्या गावच्या माणसांनी तेच वाक्य मागितलं होतं. आईच्या भेगाळलेल्या खाचरानंही तेच मागितलं असतं. पण नाव न लिहिल्यानं काय होणार होतं? त्या दोन मोऱ्यांच्या मध्ये एकच गाव होतं, आणि त्या गावात मला उभं राहू देणारा माणूसही एकच होता.

"आणि आज आहे तसाच घेतलात तर?" मी विचारलं.

"अहो, हा बाजार नाही," मार्गदर्शक म्हणाले.

"माहीत आहे, सर. तरी भाव कळू द्या."

परीक्षकांनी पेन्सिल परत उचलली. शेवटी परीक्षक म्हणाले, "पास व्हाल. वर्गाचं मी काही सांगू शकत नाही."

पुढच्या सत्रापर्यंत कॉलेजची जागा थांबणार नव्हती. आज घेतला तर पेपरांच्या जोरावर कदाचित तरलो असतो. मी दोन्ही बाजू तोलून बघितल्या, पण खरं सांगायचं तर काटा आधीच एका बाजूला पडला होता. "आहे तसाच घ्या," मी म्हणालो. मी आलेखाची घडी घातली आणि उठलो.

निकाल पावसाळ्यात लागला. पास. दुसरा वर्ग अगदी थोडक्यात हुकला. इतका थोडक्यात, की रविवारच्या एका ठिपक्यानं तो भरून निघाला असता. कॉलेजच्या त्या गृहस्थांकडे मी गेलो नाही. येऊ नका म्हणून त्यांनी आधीच सांगितलं होतं. जागेवर बाहेरचा कुणी आला. माणूस चांगला होता म्हणतात. मी त्याच्याशी कधी बोललो नाही.

आईला वर्ग-बिर्ग काही कळत नव्हतं. मुलगा एम.एस्सी. झाला, एवढं तिला पुरलं. तिनं पेढे वाटले. आमच्या गावची माणसंही आली, पण त्यांनी पेढे उभ्याउभ्याच खाल्ले. "बुकात कायच नाय म्हनं," एकजण जाताना दुसऱ्याला म्हणाला, मला ऐकू जाईल असं. मुरल्याची गोष्ट त्यांच्यापर्यंत पोचली होती. शिकलेला माणूस भित्रा असतो, असं त्यांनी ठरवून टाकलं. आजही त्यांच्यातले काहीजण तेच समजतात.

मग मामा आले, डोक्यावर इरलं, हातात केळीचा घड, मागे बहीण. ओटीवर बसून त्यांनी तोंडभर हसून सगळ्यांना ऐकवलं, "काय बी म्हना, आमच्या पान्यावर मास्तर एम्मेस्सी झाला!"

लोक हसले. माझ्या डोळ्यांपुढे परीक्षकांची पेन्सिल आली. "रविवारचं सोडून, मामा," मी म्हणालो.

बाकीच्यांना काही कळलं नाही. मामांचं हसू मात्र अर्ध्यावर थांबलं. त्यांनी हळूच मान वळवून सुनेकडे बघितलं. ती केळीच्या घडाची दोरी सोडत होती, तिनं मान वर केली नाही. मी पुढे बोलावं म्हणून माझं सगळं अंग ओढत होतं. तुमच्या रविवारानं माझा वर्ग खाल्ला, माझी नोकरी खाल्ली, माझ्या आईचं खाचर खाल्लं. हे सगळं मी नीट क्रमानं बोललो असतो, मला बोलता येतं. पण तिची बोटं त्या दोरीच्या गाठीत अडकून राहिली होती.

मामांनी पेढा उचलला, चघळला. "चांगला हाय," ते म्हणाले. "कुठला रं?"

"कर्जतचा."

"हां. तरीच."

निघताना बहीण दारात माझ्याजवळ रेंगाळली. "बोललास ना शेवटी," ती पुटपुटली.

"काय बोललो? पेढा कुठला ते सांगितलं."

तिनं माझ्याकडे असं बघितलं की त्यात राग होता की आभार, ते मला ठरवता आलं नाही. तिनं माझी भरपाई करायला हवी होती, असं मला अजून वाटतं. ती कशी करणार होती, ते मात्र मला माहीत नाही. दोन वर्षांनी मी शाळा सोडली आणि पेंढ्यातच पूर्ण उतरलो. पुढे माझे स्वतःचे टेंपो झाले. दुकानाच्या पाटीवर नावापुढे एम.एस्सी. लिहिलं आहे आणि तबेलेवाले त्याला हसतात.

निकालानंतरच्या उन्हाळ्यात एका रविवारी आई बांधावरून परत आली. आमच्या खाचरात पाणी पूर्वीसारखंच, जेमतेम तळ ओला करण्यापुरतं आलं होतं.

"वरच्यांना सांग की रं," ती म्हणाली. "तुझं आयकतील ते. तुझं नातं हाय, शिकलेला हायस."

मी सदरा चढवला आणि कुंभिवलीला ट्रक भरायचा आहे म्हणून निघालो. रविवारी तिथे ट्रक नसतात, हे तिलाही माहीत होतं.